शिवी पोचली

चिमणे,

मी सकाळच्या पाळीला निघालोय. चहा थर्मासमध्ये आहे. हेल्मेटवर मी चमकती पट्टी चिकटवली म्हणून तू अबोला धरलास, पण ती पट्टी काढू नकोस. काल चौकात मी बस डावीकडे वळवत होतो. आरशात कोणीच नव्हतं. अचानक दाराच्या काचेतून तीच पट्टी चमकली आणि मी ब्रेकवर अक्षरशः उभा राहिलो. बसच्या डाव्या अंगाला चिकटून बाईक घालू नकोस गं, तिथलं आम्हा ड्रायव्हरांना दिसत नाही. आईला यातलं काही बोलू नकोस.

आणि ड्रायव्हर कोण हे न बघताच तू जी सणसणीत शिवी हासडलीस, ती तुझ्या बापाला पोचली. शिवी खाऊन इतकं बरं मला आजवर कधी वाटलं नव्हतं.

बाबा