नहर शोधायला आलेले सर

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी आज हे तुम्हालाच सांगावंसं वाटतंय. आपल्या विद्यापीठात आफ्रिकेतून शिकायला आलेल्यांचा इतिहास विद्यापीठाच्या स्मरणग्रंथात छापून आला, आणि तो मी लिहिलाय. ग्रंथाच्या समितीला त्यांच्या स्नेहसंमेलनातल्या नाचाचा एक फोटो टाकून मोकळं व्हायचं होतं. मी हटूनच बसले. ही माणसं इथं संशोधन करायला आली होती, त्यांना संशोधनाच्या भागात स्वतंत्र प्रकरण द्या, नाहीतर संपादकांतून माझं नाव काढा, म्हटलं. बरीच वादावादी झाली, पण प्रकरण मिळालं.

हा हट्ट तुमच्याकडूनच आलाय. सुदानहून येऊन तुम्ही या शहराला जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या नहरीवर पीएचडी करत होतात आणि आम्हाला एम.ए.ला शिकवत होतात. शहरावरच्या माझ्या निबंधात दरवाजे होते, मकबरा होता, आणि ज्या हबशी, म्हणजे आफ्रिकेतूनच आलेल्या, वजिरानं शहर वसवलं, नहर आणली, त्याला जेमतेम अर्धी ओळ. तुम्ही निबंध परत दिलात आणि अडखळत्या मराठीत म्हणालात, "पाणी त्याचं पिता, नाव सांगायला लाजता?"

तरी करमाडला आमच्या घरी आलात. परदेशी माणूस येणार म्हणून माझ्या वडिलांनी, बापूंनी, शहरातून पाव, बिस्किटं, जॅम असलं काय काय आणलेलं, आणि आईनं भाकरी टोपल्याखाली लपवलेल्या. तुम्ही पावाला हात लावेचनात. तुमच्याकडंही ज्वारीच पिकते, तुमची आई तिची पातळ भाकर करते, हे कळलं तसे बापू एकदम सैल झाले. "मास्तर जवारीचेच हायेत की," आईला म्हणाले, "वाढ त्यांना." मग पाखरं, कडबा, बियाणं यावर तुमच्या दोघांच्या गप्पा, आणि मधे दुभाषी म्हणून माझी धांदल. हेही मी प्रकरणात घातलंय.

आज सकाळी सुदानचीच एक मुलगी, सध्या इथं पीएचडी करते, ते प्रकरण माझ्या टेबलाशी उभ्याउभ्या वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, मला वाटायचं आमच्याकडून इतक्या लांब मीच पहिली आले. सर, मला फार अभिमान वाटला.

हे पत्र काही कुठं टाकायचं नाहीये, म्हणून सांगते. तुमच्यावरचा मजकूर बाकीच्यांपेक्षा चांगला तीन पानं जास्त झालाय. साधनं जास्त मिळाली, असं मी समितीला सांगितलं. तसं काही नव्हतं. लिहायला बसले आणि मला थांबवेचना.