राखेचा बंधारा

बाबा,

तुम्हाला राजकारणात जायचं नव्हतं, हे आता कुणाला सांगितलं तर लोक हसतात. पण मला तो दिवस आठवतो. वीज केंद्राची राख वाऱ्यासोबत आपल्या संत्र्यांवर बसायची आणि त्या वर्षी आंबिया बहार सगळाच गळाला. तुम्ही राखेनं पांढरी झालेली एक फांदी तोडलीत, बसमध्ये मांडीवर धरून नागपूरला नेलीत आणि वीज मंडळाच्या साहेबांच्या टेबलावर ठेवलीत. साहेबांनी शिपायाकडून टेबल पुसून घेतलं. घरी येऊन आईला तेवढंच सांगितलंत आणि न जेवता झोपलात. पुढच्या निवडणुकीत गावानंच तुम्हाला उभं केलं. तुमचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, मोटरसायकल चालवायचे आणि तुम्ही मागे बसून गावोगाव फिरायचात.

मग तुम्ही राज्यमंत्री झालात, आपण सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात आलो. बाग मोठे बाबाच बघायचे. हिवाळी अधिवेशन चालू असताना ते गावातल्या माणसांना घेऊन आले, तो दिवस काही केल्या पुसला जात नाही. वीज केंद्राची राख साठवायच्या नव्या बंधाऱ्यासाठी सरकारनं आपली बाग आणि निम्म्या गावाची शेतं निवडली होती. मी चहा घेऊन येते आहे आणि तुम्ही त्यांना मोबदला, घरटी एक नोकरी, असं सगळं सभेतल्या आवाजात समजावताय. मोठे बाबा तुमचं बोलणं पुरतं होऊ देतात.

"आमी तुले राख थांबवाले धाडलं होतं गा. आता तूच काहून तिच्यासाठी जागा मागून राहिला?"

तुम्ही दाराकडे पाहिलंत. "मी नाही म्हटलं तर मले काढतीन, अन् बंधारा तरी होईनच," असं हळूच म्हणालात.

"मंग होऊ दे. पण तुह्या हातानं नको."

ते उठले, मागोमाग सगळेच उठले. चहा तसाच राहिला. तुम्ही राजीनामा दिला नाहीत. यंत्रानं बाग पाडली तेव्हा झाडांवर फळं होती आणि तुम्ही मुंबईत होतात.

पुढच्या निवडणुकीत आपल्या गावानंही तुम्हाला मतं दिली नाहीत. नंतर अर्धांगवायू झाला, वाचा गेली. धंतोलीच्या दवाखान्यात पक्षाचं कुणी फिरकलं नाही. मोठे बाबा पुनर्वसनाच्या वस्तीतून बसनं यायचे, चमच्यानं खिचडी भरवायचे. जुना विषय त्यांनी कधीच काढला नाही. तुम्ही त्यांचं मनगट धरून ठेवायचात, सोडायचा नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा गावाकडे न्यायचं का, असं मी त्यांना विचारलं. "तिकडं नको वं माय," ते म्हणाले. "लोकं बोलतीन. मले आयकवणार नाही." नागपुरातच अग्नी दिला, तोही त्यांनीच.

परवा पक्षाची माणसं घरी आली होती. तुमच्या जागेवर मी उभं राहावं म्हणतात. लोक आता सगळं विसरलेत, तुमचं नाव अजून चालतं, म्हणतात. मोठ्या बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी जेवलीस का, एवढंच विचारलं.

हे कुणाला दाखवायचं नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. मी त्या माणसांना अजून 'नाही' म्हटलेलं नाही.