रिकामा धोटा

नारम्मगूडेम,
२९ जानेवारी २००७

ती. ईश्वरम्मा अत्तम्मांस,
स्रवंतीचा शि. सा. न. वि. वि.

संक्रांतीनंतरच्या पत्रात मी एक गोष्ट चुकीची लिहिली होती, ती आधी दुरुस्त करते. गल्लीत खळ लावून पसरलेला आपला ताणा नव्या स्वर्णविहार कॉलनीच्या गाडीखाली तुटला, असं मी कळवलं होतं. तो तुटला नव्हता, कापला होता. परवा ते सूत सोडवून गाठी मारायला बसले, तर सगळी टोकं एका रेषेत. चाकाखाली आलेलं सूत पिंजतं, कुठे लांब, कुठे आखूड राहतं. धागा गेला की तिथल्या तिथे ओरडून सांगायचं, तसंच पुढे विणायचं नाही, हे नायनांनी, तुमच्याच भावाने, मला शाळेत घालायच्या आधी मागाशेजारी बसवून शिकवलं. म्हणून लिहिते आहे.

वदिनेला विचारलं तर ती सकिनालू तळता तळता हसलीच. म्हणाली, एवढी धाग्यांची पंडित तू, आणि तुलाच कळायला इतके दिवस लागले? माझ्या नवऱ्याने, तुझ्या यादगिरी अण्णानेच, कात्रीने कापला. प्लॉट बघायला आलेली मंडळी गाडीत खोळंबली होती, आणि ओलं सूत उचलायला नायनांना वेळ लागत होता. नायना खळीचा कुंचा हातात धरून समोर उभे होते. अण्णा त्यांना म्हणाला की ही गल्ली आता स्वर्णविहारचा रस्ता आहे, तुमच्या सासऱ्याने आंदण दिलेली नाही.

आता पुढचं. मागही घरात नाही. कॉलनीने क्लबात संगमरवर फोडून विणणाऱ्याच्या पायांसाठी खड्डा केला आणि माग तिथे नेऊन बसवला, त्यावरच्या अर्ध्या साडीसकट. अण्णा तिथेच प्लॉट दाखवायच्या कामावर आहे, त्यानेच हे ठरवलं. दर रविवारी नायनांच्या डोक्याला फेटा बांधतात. आपल्याकडे कुणी कधी फेटा बांधून विणलं का हो? आणि साडी पुढे सरकायला नको, ती कायम अर्धीच दिसली पाहिजे, म्हणून धोट्यात सुताची कांडी घालू देत नाहीत. नायना संध्याकाळपर्यंत रिकामा धोटा फेकतात. लोकांना तो खटखट आवाज आवडतो.

मी उगाच काळजी करते आहे का, ते कळवा. फोन अण्णाच्या खिशात असतो, म्हणून पत्रच पाठवा. तुमच्या गुडघ्यांना आराम पडो. माया आहे तशीच ठेवा.

तुमची,
स्रवंती


सोलापूर,
७ फेब्रुवारी २००७

चि. स्रवंतीस,
अत्तम्माचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सुनेने वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं, तर वैतागली. तू लहानपणापासून अशीच. भातात खडा निघाला तरी आधी तांदूळ कुणी निवडला त्याची चौकशी. लग्नाचं वय उलटायला आलं, आता तरी दुसऱ्याच्या सुतात बोटं घालणं सोड.

हातमाग गेला म्हणून रडायचं काही नाही. इथे माझ्या नवऱ्याने यंत्रमागावर टॉवेल विणले, त्यावर तीन पोरं वाढली. नरसय्या त्यावरून मला हिणवायचा, की ताई आता पाय पुसायची फडकी विणते. आता बसला ना तमाशात? बरं झालं, असं लिहिणार होते.

पण रिकामा धोटा वाचलं आणि चहा खाली ठेवला. तू तेव्हा पाळण्यात होतीस. तुझे आजोबा गेले, तेव्हा प्रेत उचलायच्या आधी नरसय्याने मागावर बसून एकदाच रिकामा धोटा फेकला होता. आपल्या घरची ती रीत आहे. विणणारा गेला की मुलाने त्याच्या मागावर एकदा, बिनधाग्याचा. एरवी पोराने खेळताना फेकला तरी आमची आई पाठीत धपाटा घालायची. यादगिरी तेव्हा सात-आठ वर्षांचा होता, उंबऱ्यात उभं राहून त्याने सगळं पाहिलंय. त्याला ठाऊक नाही असं समजू नकोस.

नरसय्याला विचार. आणि विचारून गप्प बस. घर त्या पोराच्या नावावर झालंय, जाशील कुठे?

बाकी क्षेम. वेडेपणा करू नकोस, एवढा शब्द राख.

अत्तम्मा


नारम्मगूडेम,
१९ फेब्रुवारी २००७

ती. अत्तम्मांस,
शि. सा. न. वि. वि.

नायनांना विचारलं. ते अंगणात बसून फेट्याची घडी घालत होते. आधी म्हणाले, ताईला अजून आठवतं वाटतं. मग घडी नीट करत म्हणाले, की यादगिरीला माझ्या वेळी फुरसत नसेल, त्या दिवशीही कुणी प्लॉट बघायला यायचं असेल. म्हणून मीच आधी फेकून ठेवतोय, त्याला तेवढाच त्रास कमी. एवढं सांगून हसले. अत्तम्मा, ते तसे कधी हसत नाहीत.

मी अण्णाकडे गेले. त्याने कबूल केलं, त्याला आठवतं. म्हणाला, मेल्यावर एकदा फुकट फेकण्यापेक्षा जिवंतपणी चार लोकांनी टाळ्या वाजवलेल्या काय वाईट? आणि तुला एवढं वाटत असेल तर तू बस खड्ड्यात, बाईमाणूस बघायला गर्दी जास्त होईल. वदिना पुन्हा हसली. नायना आत ऐकत होते. त्यांनी दार लोटून घेतलं.

तुम्ही गप्प बस म्हणालात. मी तो शब्द देत नाही. खोटा देण्यापेक्षा न दिलेला बरा.

क्लबाच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार आहेत. अण्णाने नायनांना बजावलंय, की त्या दिवशी धोटा जोरात फेका. मी चहा द्यायला जाणार आहे. तो ताणा ज्या कात्रीने कापला ती मी वदिनेच्या डब्यातून काढून घेतली आहे. मागावरची अर्धी साडी नायनांच्या हातची शेवटची आहे, हे मला माहीत आहे. विणकराच्या लेकीने मागावरचा ताणा कापणं म्हणजे काय, तेही माहीत आहे. नायना मला क्षमा करणार नाहीत, आणि अण्णा संध्याकाळी माझी पेटी गल्लीत ठेवेल. पण ताणा नसलेल्या मागावर त्यांना कुणी बसवू शकणार नाही. मी सरळ कापणार आहे, सगळी टोकं एका रेषेत. कुणी मागाहून तुटला असं लिहू नये.

तुम्ही अण्णाला फोन केलात तर तो मला कोंडून ठेवेल. तरीही तुमच्यापासून उद्घाटनाचा दिवस लपवून ठेवला तर माझं हे पत्रही चुकीचं ठरेल. उरली तर थोडी माया ठेवा.

स्रवंती

ता. क. रविवार, २५ फेब्रुवारी.