वांग्याची भाजी, थेट आईसारखी

ती. बाबांना,
धाकटीचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. दवाखान्यात एक्स-रेचं यंत्र बसवून झालं, पण इथल्या लोकांना ते नीट चालवता येईपर्यंत मला हलता येणार नाही.

माझ्या जेवणाची काळजी करू नका. काल आमच्या ड्रायव्हरदादांनी आग्रहानं घरी नेलं. वहिनींनी वांग्याची भाजी केली होती. पहिला घास घेतला आणि हात थांबलाच. बाबा, थेट आईची चव! आई गेल्यापासून अशी भाजी खाल्लीच नव्हती. लाज सोडून पुन्हा पुन्हा वाढून घेतली.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "ती वांग्यात काय घालायची गं?" मला सांगता आलं नाही. म्हणून वहिनींना विचारलं. त्या हसल्या. "अंदाजानंच घालते हो. हाताला कळतं."

आज पुन्हा गेले, त्या भाजी करताना शेजारी उभी राहिले. सगळं बघूनही काही हाती लागलं नाही. डोळे भरून आले, तर त्यांना वाटलं धूर गेला. त्यांनी खिडकी उघडली.

ताई म्हणते, तुम्ही चहात पाव बुडवून खाता आणि शेजारच्या काकूंचा डबा तसाच परत पाठवता. खरं का? गुडघा कसा आहे?

बाबा, ती भाजी मला तुमच्यापर्यंत आणता येत नाही आणि करताही येत नाही. काकूंची आईसारखी नसेल, पण गरम असते. डबा तेवढा उघडा.

तुमचीच,
धाकटी