उतारावरचं ॲव्हरेज

प्रिय सुकलालभाऊ,

नाही, मी फोन ठेवला नव्हता. तू ठेवलास. आणि ठेवायच्या आधी ‘माले शिकाडू नको’ म्हणालास, तेही ऐकलं मी. रेंज गेली होती असं सांगू नकोस. रेंज जाते तेव्हा माणूस अर्ध्या शब्दात तुटतो, पूर्ण वाक्य सुनावून नाही. परत लावला तर स्विच ऑफ. व्हॉइस मेसेज पाठवले तर ते तू घरामागे जाऊन एकटाच ऐकतोस आणि पुसून टाकतोस. तू मोठा आहेस म्हणून मी गप्प बसायचं, आणि गाडीने बावीसचं ॲव्हरेज दिलं म्हणून इथून टाळ्या वाजवायच्या, असं तुला वाटतंय. मी वाजवणार नाही. आग लागो तुझ्या बावीसला.

हे ॲव्हरेजचं खूळ मीच काढलं, असं तू म्हणशील. हो, मीच काढलं. पण कशासाठी काढलं ते आठव. गाडी धुळ्याहून घेतली तेव्हा अतिकभाईंनी सांगितलं होतं. अतिकभाई म्हणजे माझे इथले उस्ताद, मूळचे धुळ्याचेच, इकडे गांधीधामला हायवेवर ट्रकच्या ब्रेकचं काम करतात आणि मी त्यांच्या हाताखाली. ते म्हणाले, जुनी गाडी आजारी पडायच्या आधी ॲव्हरेजमध्ये बोलते, लक्ष ठेवा. म्हणून मी म्हटलं, टाकी फुल्ल कर, मीटरचा फोटो पाठव, पुन्हा फुल्ल केलीस की पंपाच्या मशीनचा फोटो पाठव, भागाकार मी करतो. सातवी नापास असलो तरी भागाकार येतो मला. तू आधी दोनशे-दोनशेचं टाकत राहिलास आणि वर माझ्याशीच भांडलास की दोनशेच्या पेट्रोलला काय ॲव्हरेज नसतं का. आई हसून हसून बेजार झाली होती तेव्हा. मग शिकलास. पहिल्या हिवाळ्यात गाडी साडेसतरा द्यायची. प्लग साफ केले, चाकात हवा नीट ठेवली, तर अठरा झाली. उन्हाळ्यात एसी लावला की सोळावर यायची. गाडी खरं बोलत होती, भाऊ. मला इथे बसून कळायचं की आज तू एकटा शिरपूरला गेलास की मागे चार जण आणि कापसाची दोन गाठोडी कोंबलीस.

आणि दिवाळीनंतर एकदम वीस. मग साडेएकवीस. मग बावीस. तुझा फोटो आला, त्याच्याखाली हाताच्या अंगठ्याचं चित्र. मला वाटलं टाकी काठापर्यंत भरली नसेल. मग वाटलं मीटर बिघडलं. पुढच्या दोन टाक्याही तशाच. मी अतिकभाईंना विचारलं, नऊ वर्षांची गाडी न दुरुस्त करता अशी सुधारते का? ते म्हणाले, म्हातारं माणूस अचानक पळायला लागलं तर आधी बघावं त्याच्या मागे कोण लागलंय.

मागे तुझा तो गाडीवाला दोस्त चुडामण लागला होता, हे मला नंतर कळलं. तो शिरपूरच्या स्टँडवर चारचौघांत तुला म्हणाला ना, ‘तुनी गाडी शे का म्हैस शे? नुसती पेट्रोल पेस!’ त्याची चोवीस देते म्हणे. आणि तुला चहा पाजून ती कशी देते तेही त्यानेच शिकवलं. नेमकं काय शिकवलं ते मला तुझ्याकडून कळलं नाही. तू तर सर्व्हिसिंग केली म्हणालास. मला आईने सांगितलं, आणि बिचारीला माहीतही नाही की तिने काय सांगितलं. फोनवर म्हणाली, ‘नवल, गाडी सागफाट्यापासून आवाजच करत नही रे भाऊ, इतली गुपचूप चालस की माले झोप लागी जास.’ मी हातातला पाना खाली ठेवला. चालू गाडी गुपचूप नसते, भाऊ. बंद गाडी गुपचूप असते.

सागफाट्यापासून खाली नाल्यावरच्या फरशीपुलापर्यंत सगळा उतार तू इंजिन बंद करून, न्यूट्रल टाकून सोडतोस. परवा फोनवर विचारलं तर आधी नाही म्हणालास, मग म्हणालास सगळेच करतात, चुडामणनेच शिकवलं, मग म्हणालास तो उतार मला पाठ आहे, आणि मग ठेवलास.

पाठ आहे, मान्य. मलाही पाठ आहे. मी पाच-सहा वर्षांचा असताना तू मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून त्याच उतारावरून सोडायचास. सायकलला ब्रेक नव्हते. तू उजव्या पायाची चप्पल मागच्या चाकावर दाबायचास आणि जळक्या रबराचा वास यायचा, तो मला अजून आवडतो. इथे ब्रेकचे पॅड जळाले की मला तू आठवतोस. तेव्हा मी तुझ्या शर्टाला धरून बसायचो आणि मला वाटायचं माझ्या भावाच्या चपलेपुढे जगातला कुठलाही उतार थांबतो. पण गाडीला चप्पल लावता येत नाही, भाऊ. आणि शेवटच्या वळणाशी रस्ता कसा खाली पडतो, फरशीवर कोण उभं असेल, शेळ्या, ऊस भरलेला ट्रॅक्टर, शाळेतली पोरं, हे वळण घेईपर्यंत दिसत नाही. हेही तुला पाठ असेलच.

आता जे मी रोज हाताने करतो ते सांगतो, आणि यात तू मला शिकवू नकोस. ब्रेक नुसत्या तुझ्या पायाने लागत नाही. तुझ्या पायाला इंजिन मदत करतं, म्हणून पेडल मऊ असतं. इंजिन बंद केलंस की ती मदत दोन-तीन दाबांपुरती शिल्लक राहते. पहिल्यांदा दाबशील, लागेल. दुसऱ्यांदा लागेल. म्हणून तुला वाटतं सगळं ठीक आहे. त्यानंतर पेडल दगड होतं. उभं राहून दाबलंस तरी गाडी पुढेच जाते. गेल्या महिन्यात आमच्याकडे एक टेम्पो क्रेनने आणला. त्याच्या ब्रेकमध्ये काहीही दोष नव्हता. आम्ही सगळं उघडून पाहिलं. ड्रायव्हरने चावी बंद केली होती, एवढंच. त्याचा मालक आम्हालाच विचारत होता की मग झालं कसं. आणि चावी फिरवताना बाहेर निघाली तर स्टेअरिंगही लॉक होतं, मग वळणावर कोणाला हाक मारशील? चुडामणला?

वर आणखी मूर्खपणा ऐक. जिथे उतार खरा तीव्र आहे, तिथे गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून नुसता पाय काढलास तरी इंजिन पेट्रोल जवळजवळ घेतच नाही. म्हणजे जिथे जीव जायचा, तिथे तुझं थेंबभरही वाचत नाही. वाचतं ते आधीच्या हलक्या उताराच्या पट्ट्यात, आणि तेही चुडामणला दाखवण्यापुरतं.

मला माहीत आहे तू का करतोस. फक्त चुडामणसाठी नाही. गाडी धाकट्याने घेतली, निदान पेट्रोल तरी त्याच्या पैशाचं नको, हे तुझ्या मनात आहे. दोनदा पैसे पाठवले, दोनदा परत केलेस. तुझा हा ताठा मला आवडत नाही असं नाही. पण तो एकटा असताना दाखव. त्या गाडीत दर मंगळवारी ममतावहिनी बसते. आठवा महिना आहे, बीपी वाढतंय म्हणून डॉक्टरांनी दर आठवड्याला बोलावलंय. ती पुढे तुझ्या शेजारी, आई मागे झोपलेली, आणि तू दोघींना, नाही, तिघांना घेऊन तो उतार बंद गाडीने उतरतोस. आणि वहिनी मला फोनवर काय म्हणाली ठाऊक आहे? ‘भाऊजी, सर्व्हिसिंग फार छान झाली, गाडी अगदी पाळण्यासारखी जाते.’ मी घाईने फोन ठेवला. रडू आलं असतं किंवा शिवी आली असती. दोन्ही वहिनीसमोर बरं दिसत नाही.

म्हणून पत्र लिहिलं. फोन तू कापतोस, मेसेज तू पुसतोस, पण पत्र तुला वाचता येत नाही. आलेलं पत्र आपल्या घरात वहिनी वाचते, ओट्यावर बसून, मोठ्याने, आईसुद्धा ऐकते. तेव्हा वहिनी, इथपर्यंत वाचलंस म्हणजे तुला कळलंच. तो आता कागद ओढायला बघेल, देऊ नकोस. आत्ता उठ आणि अंगणातल्या उभ्या गाडीत त्याच्या जागेवर बस. हँडब्रेक ओढलेला असू दे, गिअर न्यूट्रलला, गाडी बंद. ब्रेक चार वेळा दाब. चौथ्यांदा पायाला काय लागतं ते त्याला सांगू नकोस, आईला सांग. मग पाय तसाच दाबून ठेवून चावी फिरवून गाडी चालू कर, पेडल आपोआप खाली जाईल. इतकी शक्ती तो उतारावर बंद करून येतो. येत्या मंगळवारी सागफाट्याला त्याचा हात चावीकडे गेला तर गाडी थांबवायला लाव आणि उतरून बसची वाट बघ, लोक काय म्हणतील ते म्हणू देत. आणि भाऊ, तू ऐकतोयस ना? यापुढे मला बावीसचा फोटो पाठवू नकोस, मला सतरा हवंय. या वेळी पैसे तुझ्याकडे पाठवत नाही, वहिनीच्या खात्यावर टाकतोय, परत करायचे तर तिच्याशी भांड. बाळंतपणापर्यंतच्या पेट्रोलचे आहेत. वाचवायचे नाहीत, जाळायचे आहेत. चार हजार रुपये.

तुझाच, अजून तुझ्यावर चिडलेला,
नवल