खुर्चीवरचं गाऱ्हाणं

मसुरे, ता. मालवण
जत्रेनंतरचा बुधवार

ती. रुक्मिणीवन्संना सुगंधाचा वाकून नमस्कार (इथूनच वाकले आहे, डोंबिवलीला पोचला असं धरून चाला).

तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजी चहात साखर घालत नाहीत ना? घालत असतील, पण तुमच्यासमोर घालत नसतील, एवढी मी त्यांना ओळखते. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. ‘ठीक’ म्हणजे काय ते पुढे सांगते, कारण त्या एका शब्दावर आमचं घर तीन वर्षं चाललंय.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. वन्सं, रागावू नका, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हो वन्सं’ म्हणते, आणि फोन ठेवल्यावर मला आठवतं की ‘नाही’ म्हणायचं होतं. पत्रात तुम्हाला मध्येच बोलता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. शिवाय रेंज मिळायला मला पाणंदीच्या तोंडापर्यंत जावं लागतं आणि तिथे आमची जाऊ नम्रता (सत्यवान भावजींची बायको, तुमची बातमीदार) फुलं काढायच्या निमित्ताने उभी असते. तिच्या त्या जास्वंदीला फुलं येतात तरी किती, देव जाणे. तिनेच तुम्हाला कळवलंय ना, की हे भर जत्रेत देवाला घालायचं गाऱ्हाणं विसरले, देवाच्या पायरीवर फतकल मारून बसले, भलतंसलतं बोलले आणि घराण्याचं नाक कापलं गेलं? त्यावर तुमचा हुकूम आला, की गाऱ्हाण्याचा मान सत्यवानाकडे द्या, घराला कुलूप लावा आणि दोघं डोंबिवलीला या. हुकूम मिळाला. पाळणार नाही. का, ते आता नीट बसून ऐका.

आधी आजाराचं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत हे इस्पितळातून घरी आले तेव्हा वाडीने फटाके लावले होते, तुम्ही व्हिडिओवर बघितलंत. तेव्हापासून सगळे विचारतात, ‘आता बरे आसत मां?’ आणि आम्हाला उत्तर येत नाही. आपल्या गावात माणूस एकतर आजारी असतो, मग त्याला बघायला बिस्किटाचा पुडा घेऊन जायचं, नाहीतर बरा असतो, मग त्याला पालखीला खांदा द्यायला बोलवायचं. सकाळी बरा आणि दुपारी आडवा, अशा माणसाकडे काय घेऊन जायचं ते कोणालाच माहीत नाही, म्हणून लोक यायचेच बंद झाले. छातीचा फोटो काढून झाला, रक्त तपासून झालं, सगळे रिपोर्ट असे चांगले की हे ते रिपोर्ट बघून म्हणाले, ‘ह्यो माणूस कोण तो माका एकदा भेटूंदे.’ कसालचे डॉक्टर म्हणाले, विश्रांती घ्या. कुडाळचे म्हणाले, चालायला जा. गोव्याचे म्हणाले, दोन्ही करा. कधी बरं वाटेल असं मी विचारलं तर तिघंही सारखंच हसले. मला ते हसू आवडलं नाही, पण खोटं बोलण्यापेक्षा बरं.

मी म्हटलं, डॉक्टरांना नसेल कळत, मी बायको आहे, मी शोधून काढते. आधी वाटलं, आंबट खाल्लं की दुसऱ्या दिवशी दम लागतो. सोलकढी बंद केली. तरी लागला. मग वाटलं, सोमवार वाईट. मग एक सोमवार इतका चांगला गेला की हे माडाच्या आळ्यात खत घालून आले आणि मंगळवारपासून चार दिवस चटईवरून उठले नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला: चांगला दिवस हाच वाईट दिवसाचं कारण. बरं वाटलं की हे उड्या मारतात आणि उड्या मारल्या की पडतात. म्हणून आता यांचा चेहरा सकाळी ताजा दिसला की मी आधी फावडं लपवते. नवरा हसतोय आणि बायको धसकते, असं घर मालवण तालुक्यात दुसरं नसेल.

वासाचं तर विचारू नका. यांचं नाक म्हणजे बाजारातली दहशत होती. बांगड्याचा कल्ला वर करून हुंगायचे आणि ‘परवाचो’ म्हणून परत ठेवायचे, मासेवाली रसिका यांना बघितलं की टोपलीवर फडकंच ओढायची. ते नाक गेलं. नंतर अर्धवट परत आलं, पण उलटंसुलटं. कॉफी यांना जळलेल्या टायरसारखी लागते आणि तिरफळाच्या आमटीला म्हणे साबणाचा वास येतो. (मी केलेल्या आमटीला. लग्नानंतर प्रथमच. आजारी माणूस म्हणून सोडून दिलं.) पण खरं वाईट झालं ते बाजारात. आता रसिका स्वतःहून ताजा मासा काढून देते, फसवत नाही, वर दोन जास्तीचे घालते. हे घरी आले आणि पिशवी माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, ‘माझी कीव करता ती.’ त्या दिवशी मला रडू आलं, वन्सं, आणि मी कांदा चिरत नव्हते.

विसरण्याचंही सांगते, नम्रताने सांगितलंच असेल, पण तिने तिखट-मीठ लावलेलं असणार, माझं ताजं घ्या. हे स्कूटर घेऊन कसालला पेंड आणायला गेले. तिथे थकवा आला. समोर एस.टी. उभी दिसली, चढले, घरी आले, झोपले. सकाळी उठून अंगणात बोंब: स्कूटर चोरली. सगळी वाडी शोधाशोध करायला बाहेर पडली, सत्यवान भावजी तर विहिरीत वाकून बघत होते, जणू चोराने स्कूटर धुवायला टाकली असावी. शेवटी कसालच्या दुकानदाराचा फोन आला, की गाडी इथेच उभी आहे, पण पेंडीच्या पोत्यावर दोन बकऱ्या आहेत त्यांचं काय करू. हे हसले. मीही हसले. मग आत जाऊन हे भिंतीकडे तोंड करून पडले, ते संध्याकाळपर्यंत.

आता मुद्द्याचं, गाऱ्हाणं. तुम्हाला ठाऊक आहे, पण पत्र तुमची सून वाचून दाखवणार आणि ती विदर्भातली, म्हणून तिच्यासाठी लिहिते. बाळ, आमच्याकडे कुठल्याही कामाच्या आधी देवासमोर गावाच्या वतीने एकजण उभा राहतो आणि देवाला सगळं स्पष्ट सांगतो, आणि प्रत्येक वाक्याला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. जत्रेचं गाऱ्हाणं आपल्या घराण्याकडे आहे. ते मोठं असतं, खड्या आवाजात आणि लांब दमाने घालायचं असतं, त्यात सगळ्या देवांची, वेशींची, घराण्यांची नावं क्रमाने येतात. म्हणजे बघ, दम हवा आणि स्मरण हवं, आणि आजाराने यांची नेमकी हीच दोन नेली.

गेल्या दोन जत्रांना सत्यवान भावजींनीच घातलं. या वर्षी हे म्हणाले, ‘यंदा मी. ह्या वर्सा नाय जमलां तर मान सोडलंय.’ ‘सोडलंय’ म्हणताना यांनी माझ्याकडे बघितलं नाही, त्यावरून मी समजले. बाजारातलं नाक गेलं, शेतातली ताकद गेली. हेही गेलं असतं तर चटईवरून उठायला यांना कारणच उरलं नसतं. म्हणून मी तयारीला लागले. पाहुणे बंद केले, कामं बंद केली. हे काजूच्या बागेत सराव करायचे आणि मी विळीवर बसून एकटी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. (एकदा वाटेने जाणाऱ्या पोस्टमननेही म्हटलं.) सगळं पाठ झालं होतं. दमही पुरत होता.

आणि जत्रेच्या दिवशी सकाळी हे उठले ते ताजे टवटवीत. तिथेच मला कळायला हवं होतं. मी गुळातल्या खाज्याचे पुडे बांधायला आत गेले तेवढ्यात हे देवळात जाऊन शिडीवर चढून तोरणं बांधून आले, वर पताका लावल्या, वर सत्यवान भावजींना बाजूला करून समया घासल्या. संध्याकाळी गाऱ्हाण्याला उभे राहिले तेव्हा यांचा सदरा पाठीला चिकटलेला मला बायकांच्या रांगेतून दिसत होता. सुरुवात झकास झाली. आवाज तोच, जुना. गाव खूश. आणि वेशींच्या नावांपाशी हे थांबले. श्वास वर घेतला, तो खाली येईना. मागे सत्यवान भावजी नवं धोतर नेसून तयार, त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं. हे पायरीवर बसले. नम्रताने सांगितलं ते एवढं खरं आहे. त्याच्या पुढचं तिने सांगितलं नाही, ते मी सांगते.

बसल्या जागेवरून हे म्हणाले, ‘देवा म्हाराजा, पुढचां माका आठवना नाय म्हाराजा.’ आणि गावाला सवयच, सगळा गाव ओरडला, ‘व्हय म्हाराजा!’ हे म्हणाले, ‘माका दम लागता म्हाराजा.’ ‘व्हय म्हाराजा!’ ‘डॉक्टर म्हणतत रिपोर्ट बरे आसत म्हाराजा.’ ‘व्हय म्हाराजा!’ ‘रिपोर्ट बरे आसत, पण मी बरो नाय म्हाराजा.’ इथे आवाज जरा कमी झाला, लोक ऐकायला लागले होते. ‘काल बरो होतंय, आज नाय, उद्याचां माका ठावक नाय, हिका ठावक नाय, तुका तरी ठावक आसा काय म्हाराजा?’ आणि मागच्या रांगेतल्या चार म्हाताऱ्यांनी, ज्यांना ऐकू कमी येतं, देवाच्या वतीने ठासून सांगितलं, ‘व्हय म्हाराजा!’

गाव हसला, हेही हसले, आणि हसता हसता श्वास खाली आला. तेवढ्यात सत्यवान भावजी कुठूनतरी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आले आणि यांच्या मागे ठेवून म्हणाले, ‘बस रे, सावकाश घाल. देव खंय जाता?’ (हे नम्रताने फोनवर सांगितलं का? नाही ना?) मग यांनी खुर्चीवर बसून, एकेक वेस आठवत, अडलं तिथे सत्यवान भावजींकडून कानात ऐकत, गाऱ्हाणं पुरं केलं. एवढं लांबलेलं गाऱ्हाणं गावाने कधी ऐकलं नव्हतं, आणि कोणी उठून गेलं नाही. नंतर खाज्याच्या दुकानापाशी पलीकडच्या वाडीतला डॉमिंगो यांना बाजूला घेऊन म्हणाला, की मलाही त्या आजारापासून चॅपेलची चढण चढवत नाही, बायकोला, वेरोनिकाला, वाटतं मी आळशी झालोय. आता दोघं संध्याकाळी आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसतात आणि कोणाला जास्त दम लागतो यावर वाद घालतात. यांना हरायचं नसतं.

तेव्हा मान आपल्याच घरात आहे, खुर्चीसकट. गावाने ठरवलंय. घराला कुलूप लागणार नाही. यांचं बघायला मी खंबीर आहे, तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका आणि गुडघे घेऊन इकडे धावत येण्याची तर मुळीच गरज नाही. लहानांना आशीर्वाद, भावोजींना नमस्कार आणि एक चमचा कमी साखर.

तुमची
सुगंधा

ता. क. कोकमाच्या आगळाची बाटली मुंबईच्या गाडीवाल्याकडे दिली आहे. झाकण सैल आहे, उभी ठेवायला सांगा. बाटली परत पाठवा.

ता. क. वर ‘गरज नाही’ लिहिलं ते यांना वाचून दाखवायचं होतं म्हणून. आता दुपारचे हे निजलेत. वन्सं, या. यांच्यासाठी नको, माझ्यासाठी या. मला झोप नाही. यांच्या श्वासाचा आवाज बदलला की जाग येते, आणि नाही बदलला तरी येते. दिवसा हे बागेत फार वेळ गप्प राहिले की मी उगाच ‘कोयतो खंय ठेवलात?’ म्हणून ओरडते आणि कोयता माझ्या हातात असतो. मला खारेपाटणला माहेरी जाऊन थोडे दिवस नुसतं झोपायचंय. तेवढ्यात तुम्ही यांच्याकडे बघा. यांना मात्र सांगा, की तुम्हाला ताज्या बांगड्याची आठवण झाली म्हणून आलात. मी बोलावलं कळलं तर यांना वाटेल, मी कंटाळले. मी कंटाळले नाही हो. दमले आहे.

ता. क. पत्र टपालात टाकायला यांच्याकडेच देते. घाबरू नका, हल्ली चार ओळींपुढे वाचवत नाही यांना, डोकं जड होतं.

आक्का, ह्यां अक्षर माझां, वळाखलंस मां? सगळां वाचलंय. चार चार ओळी करून, मधी मधी पडान वाचलंय, म्हणान पत्र उशिरा पोचतलां. तू ये. पण हिका सांग, हरिश्चंद्रान बोलावल्यान म्हणान इलंय. नायतर माका सोडून ती म्हायेराक जावची नाय.