ओट्यामागच्या खोट्या टाइल्स

प्रिय ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला असेल. नसेल तर त्यांना आधी पंख्याखालून उठव. इकडे सासूबाई ठणठणीत, मी धावपळीत आणि आमचे हे खुर्चीत.

खुर्चीचं तुला माहीतच आहे. सगळ्या दुकानांनी छापील बोर्ड लावले आणि आमच्या पेंटरसाहेबांनी ब्रश धुऊन माळ्यावर टाकले ते टाकलेच. दिवसभर पेपर. वाचून झाला की तोच परत. (काय वाचताय विचारलं, तर म्हणाले, जाहिरातींची अक्षरं किती वाईट आहेत ते बघतोय.) माणूस डोळ्यांदेखत सुकत चाललाय गं, मला बघवत नाही. तेवढ्यात ओट्यामागची भिंत मदतीला धावून आली. म्हणजे तिचा पोपडा सुटला आणि थेट भाजीत पडला.

फरशीवाला आला, माप घेतलं, टाइल्स बसवा म्हणाला. मी म्हटलं, टाइल्स नकोत, टाइल्सचं चित्र काढू. हे म्हणाले, "भिंतीला खोटं बोलायला लावतेस?" मग घरात जे चर्चासत्र भरलं ते संपेचना. त्यांचं म्हणणं, तेल उडेल, वाफेनं रंग सुटेल, जवळून बघणाऱ्याला कळेल. माझं म्हणणं, तेल टाइल्सवरही उडतंच, पुसते मीच, आणि आपल्या ओट्याजवळ येऊन बघतंय कोण? (तुला म्हणून सांगते, बरोबर त्यांचंच होतं. पण बरोबर असून खुर्चीत बसणार असतील तर काय चाटायचंय ते बरोबर?) शेवटी मी म्हटलं, जाऊ दे, तुमचा हात आता पूर्वीसारखा राहिला नसेल. झालं! स्टूल आलं, माळा उघडला, ब्रश खाली.

भिंत घासली, खडूची दोरी मारून रेघा आखल्या, निळे-पांढरे चौकोन भरले. इथवर दृष्ट लागण्यासारखं. पण जन्म गेला दुकानांच्या पाट्या रंगवण्यात. पाटी रस्त्यापलीकडून वाचता यावी म्हणून प्रत्येक अक्षराला काळी सावली द्यायची, ही हाताची सवय. दिली की प्रत्येक टाइलला! आता त्या टाइल्स भिंतीतून उडी मारायच्या बेतात दिसतात. सासूबाई जुना टूथब्रश घेऊन फटी घासत बसल्या. मी स्वतः, सगळं माहीत असून, मिठाची बरणी एका टाइलच्या कडेवर ठेवायला गेले आणि ओटाभर मीठ केलं. समोरच्या इमारतीतल्या मास्तरीणबाई खिडकीतून ओरडल्या, अहो, टाइल्स पडतायत, बाजूला व्हा! वर कोपऱ्यात यांची सही, फोन नंबरासकट. (स्वतःच्या स्वयंपाकघरात! फोन कुणी करायचा, मी?)

पण ताई, काम करताना हे शीळ घालत होते. किती दिवसांनी ऐकली मी ती! मी रडले. सासूबाईंनी पाहिलं तेव्हा कांद्यावर ढकललं, आणि कांदा तर घरात नव्हताच.

आता भिंत संपली. यांनी ब्रश धुऊन ठेवलेत, अजून माळ्यावर गेले नाहीत एवढंच. ते परत वर गेले तर माझं काही खरं नाही.

भावोजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. : यांना एक फोन कर. तुझ्या बाथरूमच्या टाइल्स फुटल्यात आणि रंगवलेल्याच हव्यात म्हणून सांग. माझं नाव अजिबात घेऊ नकोस.

आणखी एक : तुझ्या टाइल्स धडधाकट आहेत हे मला ठाऊक आहे. भावोजी बाहेर गेले की बत्त्यानं चार फोड.

ताईंना नमस्कार. पाकीट चिकटेना म्हणून हिनं माझ्याकडे दिलं, आणि मी वाचलं. टाइल्स फोडू नका, मी तसाच येतो, ब्रश घेऊन. फोन मात्र नक्की करा, आणि ही शेजारी असताना करा. मी जरा आढेवेढे घेईन. तिला मला समजवायला फार आवडतं.